शाल-श्रीफळाच्या आधीची फाइल : पुरस्काराच्या अर्जातून आपलं काम लोकांपर्यंत कसं न्यावं

"उद्या शेवटची तारीख आहे, एवढं टाइप करून द्या," म्हणत बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले एक फाउंड्रीवाले (धातूच्या ओतकामाचा कारखाना चालवणारे) काका रात्री साडेआठला माझ्या दुकानात आले. हातात मिठाईच्या दुकानाची पिशवी. पिशवीत बिलं, दोन जुनी सर्टिफिकेटं आणि मुलाच्या लग्नातला स्वतःचा फोटो. लघुउद्योगांसाठीच्या एका पुरस्काराचा अर्ज होता आणि पहिलाच प्रश्न असा, की गेल्या तीन वर्षांत आपण कोणती सुधारणा केली ते पुराव्यासह लिहा. काकांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "सुधारणा अशी काय नाही ओ. काम चाललंय आपलं."

बेळगावातल्या शहापुरात मी डीटीपी आणि जाहिरातींचं काम करतो. लोकांचे अर्ज टाइप करता करता ते लिहून द्यायलाही लागलो. त्या रात्री चहा मागवला आणि काकांना नुसतं बोलतं केलं. साडेदहाच्या सुमाराला सहज त्यांच्या तोंडून निघालं, की पावसाळ्यात पंपाच्या बॉडीत ब्लो होल, म्हणजे ओतकामात वायू अडकून पडणारी भोकं, यायचे, शंभरातले आठ-आठ नग गिऱ्हाईक परत पाठवायचा. म्हणून त्यांनी रोज सकाळी मोल्डिंगच्या, म्हणजे साचे बनवायच्या, वाळूतला ओलावा मोजून फळ्यावर लिहायची सवय लावली, वाळूच्या ढिगावर पत्रे घातले. वर्षभरात आठाचे तीन झाले. फळ्याचे फोटो मोबाइलमध्ये होते, तारखांसकट. हीच तर सुधारणा! काकांना ती रोजची कटकट वाटत होती.

पुरस्कार मिळाला नाही. पण त्या रात्री तयार झालेली दोन पानं काकांनी पुढच्या कोटेशनबरोबर कोल्हापूरकडच्या एका पंप कारखान्याला पाठवली. खरेदी अधिकारी फळा बघायला स्वतः आला. त्याच दोन पानांवरून एका वार्ताहराने बातमी केली. तेव्हापासून माझ्याकडे पुरस्काराचा अर्ज घेऊन कुणीही आलं की मी एकच गोष्ट सांगतो: बक्षीस परीक्षकांच्या हातात आहे, अर्ज तुमच्या हातात आहे, आणि प्रसिद्धीचा मोठा भाग अर्जातूनच निघतो. तो कसा काढायचा, ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम : बातमी कुणी वाचायला हवी?

पुरस्कार शोधण्याआधी हे ठरवा. निपाणीच्या किंवा अथणीच्या चप्पल कारागिराला पुण्या-मुंबईचा दुकानदार हवा असतो. मच्छेच्या मशीन शॉपला बंगळूर-पुण्याच्या कंपनीचा खरेदी विभाग हवा असतो. कुंदा ही खव्याची मिठाई विकणाऱ्याला गावातलं गिऱ्हाईक आणि परगावी गेलेला बेळगावकर, दोघंही हवेत. खानापूरच्या शाळेतल्या बाईंना पालकांचा विश्वास हवा असतो. या चौघांनी एकाच पुरस्कारामागे धावण्यात अर्थ नाही. निर्यातीचा पुरस्कार गल्लीत कुणाला कळणार नाही, पण परदेशी गिऱ्हाइकाला लगेच कळेल. गावातल्या संस्थेने केलेला सत्कार पुण्यातल्या खरेदी अधिकाऱ्याला काहीच सांगणार नाही, पण शेजारच्या चार गल्ल्यांत तुमचं नाव करेल.

एका कागदावर तीन नावं लिहा: ही बातमी ज्यांनी वाचली तर आपल्याला फरक पडेल अशी तीन खरीखुरी माणसं किंवा कंपन्या. मग ती माणसं कुठल्या संस्थेला मानतात, ते बघा. त्या संस्थेचा पुरस्कार तुमचा.

कुठे शोधायचं

केंद्र सरकारचे बरेच पुरस्कार आता राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर एकत्र मिळतात. पत्ता अवॉर्ड्स डॉट गव्ह डॉट इन. पद्म पुरस्कारांची नामांकनंही तिथेच ऑनलाइन भरतात. पद्मसाठी स्वतःचं नाव स्वतः सुचवता येतं, फी काही नाही आणि कामाचा मजकूर ८०० शब्दांच्या आत बसवायचा असतो. सगळ्यांनी पद्मसाठी धावावं असं माझं म्हणणं नाही. पण आपलं आयुष्यभराचं काम ८०० शब्दांत मांडून बघावं. जिल्ह्यातल्या कुठल्याही अर्जासाठी ती तालीम उपयोगी पडते.

शिक्षकांसाठी ५ सप्टेंबरला दिल्लीत दिला जाणारा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार आहे. २०१८ पासून त्यासाठी शिक्षक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतात, वरून कुणी नाव पाठवायची वाट बघावी लागत नाही. आपल्याकडच्या कितीतरी चांगल्या शिक्षकांना हे ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

शेतकऱ्यांनी एक गोष्ट जरूर बघावी. पारंपरिक वाण जपणाऱ्या शेतकऱ्यांना केंद्राचं पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क प्राधिकरण 'प्लांट जीनोम सेव्हियर' नावाचे पुरस्कार देतं. गावाने किंवा गटाने मिळून वाण जपलं असेल तर १० लाख रुपयांचा, एकट्या शेतकऱ्यासाठी दीड लाखाचा. बेळगावी बासमतीचं जुनं बी अजून राखून असलेल्या घरांनी मत्तीकोपच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन याची चौकशी करायला हवी. कर्नाटक कृषी खात्याच्या कृषी पंडित पुरस्काराची माहिती रयत संपर्क केंद्रात मिळते.

विणकरांसाठी आणि हस्तकारागिरांसाठी केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाचे पुरस्कार आहेत, हातमागाला संत कबीर पुरस्कार आणि हस्तकलेला शिल्पगुरू. इथे एक खबरदारी घ्या. शहापूर-वडगावचे बहुतेक माग आता यंत्रमाग आहेत आणि हातमागाच्या पुरस्काराला यंत्रमाग चालत नाही. अर्ज करण्याआधी आपला माग कुठल्या रकान्यात बसतो ते बघा. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, त्यात बेळगावही आहे. अथणी-निपाणीच्या कारागिरांनी अर्जात हे ठळकपणे लिहावं. पुष्कळ जण ते लिहायलाच विसरतात.

कारखानदारांसाठी केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाचे पुरस्कार, अभियांत्रिकी निर्यात करणाऱ्यांसाठी ईईपीसीचे (अभियांत्रिकी निर्यात प्रोत्साहन परिषदेचे), कर्नाटकात निर्यातीसाठी विश्वेश्वरय्या व्यापार प्रोत्साहन केंद्राचे. फाउंड्रीवाल्यांनी भारतीय फाउंड्री संस्थेच्या बेळगाव शाखेशी बोलावं. व्यापार-उद्योग चेंबरची आणि जिल्हा उद्योग केंद्राची पत्रकं फलकावर लागतात, महिन्यातून एकदा तिथून फेरी मारायला हरकत नाही.

राज्य सरकारचे राज्योत्सव पुरस्कार १ नोव्हेंबरला असतात. हा दिवस आपल्या भागातली मराठी माणसं काळा दिन म्हणून पाळतात, ते मी सांगायला नको. त्या वाटेला जायचं की नाही हे ज्याचं त्याने मनाशी ठरवावं. पण भाषेच्या धास्तीने राज्याच्या बाकीच्या खात्यांचे, उद्योग, शेती, निर्यातीचे पुरस्कार सोडू नका. तो तुमच्या करातून चालणाऱ्या खात्यांचा पैसा आहे.

सीमेवर असल्यामुळे आणखी एक अडचण येते. आपल्यातल्या पुष्कळ जणांचं एक युनिट उद्यमबागेत आणि दुसरं शिनोळीच्या एमआयडीसीत, म्हणजे महाराष्ट्रात. लघुउद्योगांसाठीची केंद्राची 'उद्यम' नोंदणी एका उद्योगाला एकच मिळते आणि दोन्ही युनिटं तिच्यातच दाखवता येतात. पण राज्याच्या पुरस्काराला त्या राज्यातल्या युनिटचे आकडे लागतात. दोन्हींची उलाढाल मिसळून दिलीत तर छाननीतच अर्ज बाजूला पडतो. व्यक्तीसाठीचा पुरस्कार असेल तर रहिवासाची अट पहिल्यांदा वाचा. महाराष्ट्रातल्या एका पुरस्कारासाठी आमच्याकडच्या एका लेखिकेने महिनाभर खपून प्रस्ताव केला होता आणि अट शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात होती.

पैसे मागणाऱ्यांपासून सावध

हा भाग मी जीव तोडून लिहितोय, कारण चांगली माणसं यात फसलेली बघितली आहेत. फोन येतो, "अभिनंदन, तुमची आदर्श उद्योजक पुरस्कारासाठी निवड झाली आहे." अर्ज केलेला नसतो, काम कुणी बघितलेलं नसतं. दोन दिवसांनी नोंदणी शुल्क, स्मृतिचिन्हाचा खर्च, स्मरणिकेतली जाहिरात, सोबत येणाऱ्यांच्या जेवणाचं कूपन असं एकेक सांगितलं जातं. एखाद्या मोठ्या हॉटेलात शंभर जणांना ओळीने शाली घातल्या जातात. फोटो छान येतो. पण पुढच्या महिन्यात तुमच्या शेजारच्या दुकानात तेच स्मृतिचिन्ह दिसतं आणि गिऱ्हाईक मनातल्या मनात काय ते समजून जातं.

प्रत्येक वेळी फी म्हणजे लबाडी, असं नाही. नामांकित उद्योगसंस्थाही प्रवेशिकेसाठी थोडं शुल्क घेतात. फरक ओळखायला मी हे विचारतो: परीक्षक कोण आहेत, त्यांची नावं जाहीर आहेत का? निकष छापलेले आहेत का? गेल्या वर्षी कुणाला मिळाला, त्यांना फोन करता येईल का? अर्ज नाकारला जाऊ शकतो का? शेवटच्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर फोन ठेवा. ज्या पुरस्कारात कुणी हरत नाही, तो जिंकल्याची बातमी होत नाही.

मानद डॉक्टरेटचं तर विचारूच नका. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार फक्त कायद्याने स्थापन झालेल्या किंवा तशी मान्यता असलेल्या विद्यापीठांना आहे. कुठल्याशा 'आंतरराष्ट्रीय' संस्थेची विकत घेतलेली डॉक्टरेट नावापुढे लावून पाटी रंगवली, तर कधीतरी कुणीतरी विचारणारच. तेव्हा आयुष्यभराचं खरं कामही संशयात येतं.

वर्षभर भरत जाणारी फाइल

अर्ज एका रात्रीत होत नाही. काकांचा झाला, कारण फळ्याचे फोटो होते. दरवेळी ते नसतात. म्हणून एक जाड फाइल घ्या, बॉक्स फाइल असली तर उत्तम, आणि मोबाइलमध्ये त्याच नावाचा एक फोल्डर करा. त्यात काय जायला हवं?

सरकारी कागद एकदाच नीट जमवा: उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी, पॅन, दुकान किंवा कारखान्याचा परवाना, शेतकऱ्याचा उतारा. आपल्याकडे निम्मे कागद कन्नडमध्ये असतात. दिल्लीच्या अर्जासाठी त्यांचं भाषांतर नोटरीकडून करून ठेवा, कारण अर्जाच्या आठवड्यात ते होत नाही. नावाची स्पेलिंगं जुळवा. आधारवर एक, पॅनवर दुसरं आणि परवान्यावर कन्नडातून आलेलं तिसरं, असं आमच्याकडे रोज बघतो. गावाचंही तसंच. जुन्या कागदांवर इंग्रजी काळापासूनचं बेलगाम आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदांवर बेळगावी. परीक्षकाला हे दोन वेगळे पत्ते वाटू शकतात. अर्जात एका ओळीत लिहून टाका की दोन्ही एकच.

उलाढालीचा दाखला सनदी लेखापालांकडून घ्यावा लागतो आणि त्यावर १८ अंकी यूडीआयएन, म्हणजे दाखला खरा आहे हे पडताळायचा क्रमांक लागतो. मार्चअखेर किंवा सप्टेंबरात त्यांच्या दारात जाऊ नका. मोकळ्या महिन्यात, आदल्या वर्षाचा दाखला घेऊन ठेवा.

कागद हा फाइलीचा सोपा भाग. खरी किंमत बाकीच्या गोष्टींना आहे: बदल करण्याआधीचा फोटो आणि नंतरचा फोटो, परत आलेल्या मालाच्या नोंदी, गिऱ्हाइकाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेली तक्रार आणि नंतरचं आभाराचं वाक्य, कामगारांना दिलेल्या प्रशिक्षणाची सह्यांची यादी, गावातल्या चार बायकांना काम दिलं असेल तर हजेरीपट. फोटोच्या मागे तारीख लिहून ठेवा. आधीचा फोटो काढायचं सगळेच विसरतात. आज तुमच्या कारखान्यात जे काही वाईट आहे, त्याचा फोटो आजच काढा. ते बदललंत की तो फोटो सोन्याचा होईल.

लिहिणं

आता खरं काम. माझ्याकडे येणाऱ्या दहा अर्जांतले नऊ असे सुरू होतात:

"आमची कंपनी गेली तीस वर्षे उत्कृष्ट दर्जाची सेवा देत असून गुणवत्ता, सचोटी व ग्राहकांचे समाधान हेच आमचे ब्रीद आहे."

या वाक्यात खोटं काही नसेल. पण हे वाक्य कुठल्याही दुकानाला, दवाखान्याला, पतसंस्थेला जसंच्या तसं लावता येतं. परीक्षक दिवसाला चाळीस अर्ज वाचतो, त्याच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. काकांसाठी त्या रात्री लिहिलेला मजकूर साधारण असा होता:

"आमच्याकडे २२ कामगार आहेत. पंपाच्या बॉडीत पावसाळ्यात ब्लो होल येऊन शंभरातले आठ नग परत यायचे. कारण वाळूतला जादा ओलावा. जूनपासून आम्ही रोज सकाळी पहिल्या साच्याआधी वाळूचा ओलावा मोजून फळ्यावर लिहू लागलो. वाळूच्या ढिगावर पत्रे घातले. मोजण्याचं काम दोन मोल्डरांवर (साचे बनवणाऱ्या कामगारांवर) सोपवलं आणि जास्त आलं तर साचा थांबवायचा अधिकारही त्यांनाच दिला. पुढच्या पावसाळ्यात शंभरातले तीन नग परत आले. पुरावा : फळ्याचे फोटो, माल परत करताना ग्राहकाने लिहिलेले शेरे."

यात स्वतःच्या कौतुकाचं एकही विशेषण नाही. आधी त्रास सांगितला, मग त्याचं कारण, मग काय केलं, कुणी केलं, किती फरक पडला, पुरावा कुठे आहे. या क्रमाने लिहाल तर ८०० शब्दांचा मजकूर सहज भरतो. अधिकार मोल्डरांना दिला, ही ओळ काकांना नको होती. "त्यात काय सांगायचं?" असं त्यांचं म्हणणं. मला मात्र तीच ओळ सगळ्यात मोठी वाटली, आणि पुढे वार्ताहरानेही बरोबर तीच उचलली.

कुंदावाल्याचं उदाहरण घेऊ. "पारंपरिक चव जपणारे" असं लिहिण्याऐवजी दूध कुठल्या गावांतून येतं, खवा किती वेळ परततात, आजोबांची कढई अजून वापरात आहे का, दिवाळीच्या आठवड्यात किती कामगार वाढवावे लागतात, साखर कमी केली तेव्हा गिऱ्हाईक काय म्हणालं, हे लिहा. शिक्षकाने "विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी झटत आहे" असं न लिहिता, सहावीत वाचता न येणारी किती मुलं होती आणि मार्चपर्यंत किती वाचू लागली, ते लिहावं. मुलांची नावं मात्र देऊ नका.

प्रश्नाला उत्तर द्या. हे फार साधं वाटतं, पण निम्मे अर्ज यातच पडतात. विचारलेलं असतं 'पर्यावरणासाठी काय केलं' आणि उत्तरात कंपनीचा इतिहास. प्रत्येक प्रश्नाखालचे निकष आणि गुण वाचा. ज्याला ३० गुण आहेत त्याला अर्धं पान द्या, ज्याला ५ आहेत त्याला दोन ओळी. शब्दमर्यादा ओलांडू नका, कारण ऑनलाइन फॉर्म पुढचं वाक्य अर्ध्यावर तोडतो आणि तुम्हाला कळतही नाही.

भाषा. पहिला मसुदा मराठीतच करा, तुम्ही विचार ज्या भाषेत करता त्या भाषेत. मग तो इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये न्या. कन्नडसाठी मशीनवर विसंबू नका. मी एकदा केलं होतं. 'मागवाले' या शब्दाचं भलतंच काही झालं आणि ते छाननीतल्या माणसाने फोन करून सांगितलं म्हणून कळलं. कन्नड शाळेत शिकवणारा मित्र किंवा शेजारी बेळगावात कुणाला नाही? त्याला चहा पाजा, शेजारी बसवून वाचून घ्या. तो विचारेल, "म्हणजे नक्की काय केलंत?" जिथे त्याला विचारावं लागतं, तिथे मराठीतही गोंधळ आहे, हे समजून घ्या.

मसुदा झाल्यावर तो तुमच्याच कारखान्यातल्या कुणाला तरी वाचून दाखवा. खोटं किंवा फुगवलेलं असेल तर त्याच्या चेहऱ्यावर लगेच कळतं. फुगवलेला आकडा बातमीत आला की पहिला फोन तुमच्याच कामगाराच्या नातेवाइकाचा येतो.

शिफारसपत्रं दोन पुरेत. आमदार-खासदारांच्या लेटरहेडपेक्षा तुमचा माल रोज वापरणाऱ्याने लिहिलेल्या चार ओळींना वजन जास्त. पत्र मागताना त्यांना कुठला प्रसंग लिहावा ते सुचवा, म्हणजे "ते अत्यंत प्रामाणिक आहेत" यावर पत्र संपणार नाही.

अर्ज शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधी भरा. शेवटच्या रात्री पोर्टल अडतं, पीडीएफ मोठी होते, ओटीपी येत नाही. पोचपावतीचा स्क्रीनशॉट घ्या आणि भरलेल्या अर्जाची पूर्ण प्रत जपून ठेवा.

बातमी कधी, कशी

अर्ज केला, ही बातमी नाही. अंतिम यादीत नाव आलं तर बातमी आहे, पण आधी नियम वाचा. काही संस्था निकालाआधी जाहीर करू देत नाहीत. आणि यातलं काही झालं नाही तरी, अर्जासाठी शोधलेली गोष्ट स्वतःच बातमी असते. काकांच्या बातमीचा मथळा असा होता: 'वाळूचा ओलावा मोजून सदोष कास्टिंग घटवली'. त्यात पुरस्काराचा शब्दही नव्हता.

वर्तमानपत्राला एकच पान द्या. पहिल्या परिच्छेदात कुणी, कुठे, काय केलं आणि त्याने काय फरक पडला. दुसऱ्यात पुरस्कार देणारी संस्था, वर्ष, विभाग. तिसऱ्यात तुमचं एक वाक्य, जे तुम्ही खरोखर बोलाल असं. "या पुरस्काराने जबाबदारी वाढली आहे" हे वाक्य इतक्यांदा छापलं गेलं आहे की वाचक ते बघतच नाही. त्याऐवजी पुढे काय करणार ते सांगा. मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत वेगवेगळी पानं करा. बेळगावात वाचक तिन्हींचा आहे आणि तालुक्याचा वार्ताहर तयार मजकूर बघून खूश होतो. खानापूर, चिकोडी, निपाणीच्या वार्ताहरांना आपापल्या तालुक्याचं नाव पहिल्या ओळीत दिसलं पाहिजे.

फोटो मोठा, उभा नव्हे तर आडवा, आणि काम चालू असतानाचा. पाहुण्याने शाल घालतानाचा फोटो संस्था देतेच. तुम्ही वाळू चाळतानाचा, मागावर बसलेला, वर्गात फळ्यापुढचा द्या. खाली डावीकडून नावं लिहा आणि कामगारांचीही लिहा, त्यांना विचारून. ज्याचं नाव पेपरात छापून येतं, तो तो अंक गावभर दाखवतो. त्या कामगाराच्या गावात तुमची जाहिरात करायला दुसरं कुणी लागत नाही.

वेळ बघा. डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की स्थानिक पानं भरून जातात, गणेशोत्सवात आणि निवडणुकीतही तेच. त्या दिवसांत पाठवलेली बातमी चांगली असूनही कोपऱ्यात जाते. सोमवार-मंगळवारी, दुपारपर्यंत पाठवा. एकदा पाठवून गप्प बसू नका, दुसऱ्या दिवशी एक फोन करा. दहा फोन करू नका.

डॉक्टर, वकील, सीए : तुमचे नियम वेगळे

वकिलांना बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे जाहिरात करून किंवा आडवाटेने काम मिळवायला मनाई आहे. सनदी लेखापालांसाठी १९४९ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तसंच बंधन आहे. डॉक्टरांना २००२ चे आचारनियम लागू आहेत. दवाखाना सुरू झाला, जागा बदलली, रजेवरून परत आलो, असं औपचारिक कळवता येतं. रुग्ण ओढून आणण्यासाठी स्वतःचा डंका वाजवता येत नाही. म्हणून तुम्ही पुरस्काराची बातमी स्वतः पैसे देऊन छापू नका, देणाऱ्या संस्थेला देऊ द्या. रुग्णाचा किंवा अशिलाचा किस्सा, फोटो, आभाराचं पत्र काहीही वापरू नका. तुमच्यासाठी चांगली वाट म्हणजे व्यवसायबंधूंच्या संस्थांचे पुरस्कार आणि समाजकामाचा अर्ज, म्हणजे खेड्यातली शिबिरं, मोफत विधी सल्ला, पतसंस्थांना हिशेब शिकवणं. त्यात बोलायला मोकळीक जास्त.

मिळाला तर, नाही मिळाला तर

मिळालेला पुरस्कार पाटीवर, कोटेशनवर, व्हॉट्सअॅप बिझनेसवर जरूर लावा, पण देणाऱ्या संस्थेचं नाव आणि वर्षासकट. नुसतं 'पुरस्कारप्राप्त' असं लिहिलेलं वाचून गिऱ्हाइकाला काही कळत नाही. फसव्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पद्म पुरस्कार मिळालेल्यांनीही तो नावापुढे-मागे उपाधीसारखा लावायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगून ठेवलं आहे. आणि पाच वर्षांनी जुना पुरस्कार पाटीच्या मधोमध ठेवू नका, खाली सरकवा.

नाही मिळाला तर संस्थेला नम्रपणे विचारा की कुठल्या निकषात गुण कमी पडले. बरेच जण सांगतात. काकांना सांगितलं होतं, "आकडे चांगले, पण एकाच वर्षाचे." म्हणजे काम चुकलं नव्हतं, नोंदी थोड्या होत्या. तोच मजकूर एका पानावर आणून कोटेशनला जोडा, वेबसाइटवर टाका, नवीन कामगाराला वाचायला द्या.

काका आता दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन झालं की गेल्या वर्षीची फाइल मला आणून देतात आणि स्वतःसाठी नवी उघडतात. यंदाच्या फाइलीत पहिलाच कागद म्हणजे परत आलेल्या एका नगाचा फोटो आहे: खडूने भोवती गोल केलेला ब्लो होल, खाली तारीख आणि तो ज्याने शोधला त्या मोल्डरची सही.